जीभ वर कर

मुलुंड, २० जुलै १९८६

जानू,

आधीची तीन पत्रं परत आली नाहीत, म्हणजे ती पोचली. उत्तर आलं नाही, म्हणजे ती तू वाचलीस. न वाचता चुलीत घातली असतीस, तर तसं कळवणारं एक कार्ड तरी टाकलं असतंस. तेवढं बोलल्याशिवाय तुला राहवलं नसतं. बहीण आहेस माझी, ओळखते मी तुला.

मी बरी आहे. विभागात नेहमीचंच चाललंय. पिंजऱ्यातल्या डासांना रक्त पाजायला अजून माझाच हात लागतो. रोज जेवणाच्या सुट्टीत डावा हात पिंजऱ्यात आणि उजव्या हाताने पोळीभाजी. आमच्या लॅबमधला काशीराम म्हणतो, "मॅडम, तुम्ही डबा खाताय आणि ही तुम्हाला खातायत." विद्यापीठात इतकी वर्षं काढून शेवटी मी डासांची खानावळ झाले, असं बाबा असते तर म्हणाले असते.

आता मुद्द्याचं. लवूला तू गोळ्या दिल्या नाहीस, असं मी कधीही, कुणापाशीही म्हटलेलं नाही. हे आधी लिहून ठेवते. तुझी सासू म्हणाली. वॉर्डातला डॉक्टर म्हणाला. आमचे विभागप्रमुख तर चहा ढवळता ढवळता म्हणाले. मी म्हटलं नाही.

मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण इतके महिने झाले तरी मनात नुसता घोळ आहे. घाटकोपरला तुमच्या खोलीवर येऊन मी लवूच्या बोटाला सुई टोचली, काचेवर रक्त घेतलं, लॅबमध्ये जाऊन बघितलं. डोक्यात चढणारा, वाईट जातीचा मलेरिया निघाला. संध्याकाळी मी गोळ्यांची पुडी घेऊन परत आले. आज चार, उद्या चार, परवा दोन. तुला म्हटलं, समोर उभी राहून दे आणि मग त्याला जीभ वर करायला लाव. पुरुषमाणसं कडू गोळी गालात धरतात आणि मोरीत थुंकून येतात. तू मान हलवलीस. तो कामावरून आल्यासारखा भिंतीला टेकून बसला होता, मला म्हणाला, "ताई, तुमच्या पोरांनीच चावलं बघा मला."

आठवड्याच्या आत तो माणसं ओळखेना. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला विचारलंस, "ताये, तुझो तरी माझ्यार इस्वास आसा मां?" आणि मी म्हटलं, "त्याची काच परत बघते, मग सांगते."

यात माझं काय चुकलं, सांग. माझा धंदाच काच बघून बोलण्याचा आहे. दुसऱ्या कुणाच्याही नवऱ्याच्या बाबतीत मी हेच म्हटलं असतं. तू मात्र तेव्हापासून तोंड शिवून घेतलंस आणि लवू गेल्यावर सासूच्या मागून गावची एस.टी. धरलीस.

पावसाने तुझं घर गळतंय का, एवढं तरी लिही.

तुझी,
ताई

मुलुंड, १७ ऑगस्ट १९८६

जानू,

घर गळतंय की नाही ते तू कळवलं नाहीस. गळत असणार.

मी आता आठवड्यातून तीनदा कांजूरमार्गला जाते. लवू ज्या इमारतीवर वॉचमन होता, तिथे. आता ती सहाव्या मजल्यापर्यंत आली आहे. नवा स्लॅब ओतला की तो वाळून तडकू नये म्हणून गवंडी त्याच्यावर सिमेंटची छोटी आळी करतात आणि त्यांत पाणी भरून ठेवतात. दिवसचे दिवस. स्वच्छ, उथळ, ऊन खाल्लेलं पाणी. आपल्याला हवी असते तशी जागा डासाच्या मादीलाही हवी असते, आणि ती तिला मुंबईत आपल्याआधी मिळते. लवू मला लोणच्याच्या बरणीत ते पाणी भरून आणून द्यायचा, आठवतं? त्यातल्या वळवळत्या अळ्या उजेडाकडे धरून दाखवायचा. गिरणी बंद पडल्यावर जो माणूस चार महिने कुणाशी धड बोलला नव्हता, तो त्या बरणीपाशी हसला होता.

दिवेलागणीला मी आणि काशीराम तिथे पाय उघडे टाकून बसतो. साडी गुडघ्यापर्यंत, हातात काचेची नळी, नळीला रबर. डास पायावर बसला की तोंडाने ओढून नळीत घ्यायचा, चावायच्या आत. मजूर बायका आधी तोंडावर पदर घेऊन हसायच्या, आता शेजारी येऊन बसतात आणि "वो देखो बाई, घुटनेपे" म्हणून सांगतात. त्यांच्यातल्या अर्ध्याजणी तापाने फणफणलेल्या असतात. मी काच घेते, गोळ्या देते, चार, चार, दोन, आणि जीभ वर करायला लावते.

आणि जानू, ऐक. काहींचा ताप उतरत नाही.

मी हे सरांना, आमच्या विभागप्रमुखांना, सांगितलं. सर म्हणाले, "नलिनीबाई, गोळ्यांना काही झालेलं नाही. गोळ्या घेणाऱ्यांना झालंय. या बायका देवाला कौल लावतात आणि गोळ्या चुलीत टाकतात. तुमच्या घरातलंच उदाहरण आहे ना?" मी त्यांना ताडकन म्हटलं, "माझ्या घरातलं उदाहरण तुम्ही घेऊ नका."

म्हणजे म्हणणार होते. चहा आला आणि राहून गेलं. सर सहा महिन्यांनी माझ्या बढतीच्या कागदावर सही करणार आहेत. चाळीशी उलटल्यावर माणसाच्या जिभेला हाड फुटतं ते असं.

ताई

मुलुंड, २२ सप्टेंबर १९८६

जानकी,

आपल्या चाळीतला धाकू गणपतीला तुमच्या गावी जाऊन परत आला. काल माझ्याकडे जेवायला होता. आधी सगळं गोड गोड सांगितलं त्याने, आरती झकास झाली, भजनाला गर्दी होती. मी म्हटलं, "धाकू, मी तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे आणि तुला लहानपणी आंघोळ घातलीय. खरं काय ते बोल."

मग बोलला. तुला गौरीच्या नैवेद्याला हात लावू दिला नाही. तू मागल्या पडवीत भांडी घासत होतीस. आणि लवूचं वर्षश्राद्ध दिवाळीच्या आधी येतंय, तर त्या दिवशीची वाडी, त्याच्या नावाने वाढायचं पान, तुझ्या हातची नको म्हणून सासूने शेजारणीला सांगून ठेवलंय. म्हातारी काय म्हणाली, ते धाकूने मान खाली घालून सांगितलं: "जिच्या हातची गोळी माज्या झिलाच्या तोंडात पोचली नाय, तिच्या हातची वाडी तेका कशी पोचतली?"

नवऱ्याच्या नावाचं पान बायकोने वाढायचं नाही! जिवंत असताना ज्याला तू रोज डबा दिलास, रात्रपाळीला दिलास, संपात तर घरात काही नसताना दिलास, त्याला गेल्यावर घासभर भात दुसरीच्या हातचा. मला इतका राग आला की धाकूलाच बोलले. तो बिचारा "माझो काय दोष, ताये" म्हणत ताट उचलून गेला.

तू भांडली का नाहीस गं? लहानपणी माझी पेन्सिल घेतलीस तेव्हा चाळ डोक्यावर घेतली होतीस, आणि वर मीच चोर ठरले होते.

ठीक आहे. तू भांडत नाहीस तर मी भांडते. या गोळ्या आता लागू पडत नाहीत, हे मी सिद्ध करून दाखवते आणि विद्यापीठाच्या कागदावर शिक्क्यासह तुझ्या सासूला पाठवते. वर्षश्राद्धाच्या आत.

अडचण एकच आहे. मी ज्यांना माझ्यासमोर गोळ्या दिल्या ते मजूर कंत्राटदाराने अंधेरीच्या साइटवर हलवले. मी तिथे गेले तर म्हणे नाशिकला गेले. एक बाई सापडली, ती तापाने माझ्या अंगावरच कलंडली, पण तिने मधे दुसऱ्या डॉक्टरचं इंजेक्शन घेतलं होतं. सर म्हणतात, "एक पेशंट आणा. गोळ्या साक्षीदारासमोर गिळलेला, वरचं काहीही न घेतलेला, आठवडाभर रोज रक्त देणारा. एक आणा, मग बोलू." असा पेशंट कुठून आणू? पोटासाठी गावोगाव फिरणारा माणूस माझ्या काचेसाठी एका जागी आठवडाभर कसा बसेल?

तरी मी आणते. तू फक्त धीर धर.

ताई

मुलुंड, २ ऑक्टोबर १९८६

जानू,

पेशंट मिळाला!

आधी काळजी करणार नाही असं कबूल कर. केलंस? पेशंट मीच आहे.

चार दिवस कणकण होती. म्हटलं, हवा बदलतेय. परवा दुपारी थंडी भरली, अशी की दोन घोंगड्यांखाली दात वाजत होते. काल लॅबमध्ये गेले, स्वतःच्या बोटाला सुई टोचली आणि काच दुर्बिणीखाली धरली. लाल पेशींच्या आत जंतूंच्या इवल्या इवल्या अंगठ्या, एकेका पेशीत दोन दोन. लवूच्या काचेत होत्या तशाच. जानू, मला हसू आलं. काशीराम घाबरला, त्याला वाटलं ताप डोक्यात गेला. मी म्हटलं, "अरे, इतके महिने शोधतेय तो पेशंट मिळाला. शिकलेला आहे, कुठे पळून जात नाही, आणि खोटं बोलला तर मला लगेच कळेल."

त्या डासाने मला कांजूरला चावलं असणार. त्या बायकांचा ताप माझ्यात आला आहे, बहुतेक लवूचाच. एका इमारतीतला ताप तिथेच फिरत राहतो.

तर काल संध्याकाळी मी काशीरामसमोर चार गोळ्या गिळल्या. नंतर त्याला म्हटलं, "माझी जीभ बघ." तो लाजला. "मॅडम, असं कसं, तुम्ही मॅडम आहात." मी आ करून उभी, तो डोळे मिटून उभा. शेवटी त्याने बॅटरी आणून बघितलं आणि म्हणाला, "गिळलंय, देवाशपथ." आज परत चार. उद्या दोन. सुट्टी आहे तरी तो लॅब उघडून बसलाय.

सरांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील घरी जा, आणि मग काचा कोण घेणार? सकाळ-संध्याकाळ एक घेते. ड्रॉवरमध्ये कोयनेलच्या गोळ्या आणून ठेवल्यात. कोयनेलला हा जंतू अजून दबतो. जरा वेडंवाकडं वाटलं की लगेच घेईन. मी काही अडाणी नाही.

डोकं दुखतंय, पण मन इतकं हलकं आहे की काय सांगू.

ताई

मुलुंड, ७ ऑक्टोबर १९८६

जानू,

दोन दिवस ताप नव्हता. अंगठ्या कमी झाल्या होत्या. मी चक्क निराश झाले. म्हटलं, गोळ्या चालतात की! माझा ताप उतरतोय आणि मी रडतेय, असं दृश्य. काशीराम म्हणाला, "मॅडम, बरं वाटण्याचं कुणी एवढं वाईट वाटून घेतं काय?"

काल परत वाढल्या. आज सकाळी पहिल्या दिवसापेक्षा जास्त आहेत. थंडी भरली तेव्हा खुर्चीला पदराने बांधून घ्यावंसं वाटलं. म्हणजे सिद्ध झालं. दहा गोळ्या, साक्षीदारासमोर, जीभ वर करून, आणि तरी.

आता कोयनेल घ्यायला हवं. घेणारच आहे. पण सर आठवडा म्हणाले होते आणि आठवड्याला एक काच कमी पडते. उद्या सकाळची घेते आणि लगेच गिळते. एवढ्यासाठी हातातोंडाशी आलेला घास कशाला सोडू?

ताप असला की माणूस खरं बोलतो म्हणतात. मग आज लिहून टाकते. मी पहिल्या पत्रात लिहिलं की तू गोळ्या दिल्या नाहीस असं मी कधी म्हटलं नाही. म्हटलं नाहीच. पण व्हरांड्यातून निघून मी लॅबमध्ये गेले, लवूची शेवटची काच बघितली, ती काठोकाठ भरलेली होती, आणि माझ्या मनात आलं, हिने दिल्या नाहीत. सासूच्या धाकाने, नाहीतर कौल मिळाला नाही म्हणून, नाहीतर त्याने ओरडून पुडी फेकली म्हणून. हिने दिल्या नाहीत आणि आता मला विचारतेय. तो विचार आला तो गेलाच नाही. वर्षभर माझ्या घरात पाहुण्यासारखा बसून होता, मी त्याला चहा देत होते.

आता तो गेला. आजची काच बघितली आणि गेला. तू दिल्या होत्यास. माझ्याकडे पुरावा आहे, जानू! सात दिवसांच्या काचा आहेत.

उजेड डोळ्यांना सहन होत नाहीये. पडदा ओढून लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

ताई

८ ऑक्टोबर

जानू आजची काच घ्यायची आहे पण सुई सापडत नाही. काशीरामने लपवली. तू घे ना. माझी पेन्सिल घेतलीस तशी घे, मी ओरडणार नाही.

लवू येऊन गेला. त्याला म्हटलं स्लॅबवर पाणी आहे जपून चढ. तो म्हणतो ताई मला जीभ वर करता येत नाही. मी म्हटलं जानकीला सांग ती बघेल. ती बघते. ती बघते ना

बाबांच्या गिरणीचा भोंगा झाला काय. डबा भर. चार आज चार उद्या दोन

*

जानकीताई, नमस्कार. मी काशीराम, लॅबमधला. वरचं पत्र मॅडमच्या टेबलावर अर्धं पडलं होतं, त्याच्यावर तुमचा पत्ता होता, म्हणून खाली मी लिहितो. चूकभूल पोटात घाला.

आज मॅडम लॅबमध्ये आल्या नाहीत म्हणून मुलुंडला गेलो. दार उघडंच. मला लवू म्हणाल्या. उभ्या राहिल्या आणि पडल्या. शेजारच्या बाईंना घेऊन टॅक्सीने हॉस्पिटलात नेलं, आता सलाइनमधून कोयनेल चालू आहे. डॉक्टर म्हणतात अजून काही सांगता येत नाही. सरांना सांगायला गेलो तर ते म्हणतात रजेचा अर्ज कुठे आहे.

तुम्हाला तारही केली आहे. मॅडमनी सगळ्या गोळ्या गिळल्या होत्या हो ताई. मी स्वतः जीभ बघितली आहे. माझा गुन्हा एवढाच की ती कोयनेलची गोळी मी त्यांच्या ड्रॉवरमधून काढून आधीच त्यांच्या तोंडात कोंबायला हवी होती. मॅडम आहेत म्हणून हात धजावला नाही.

जमलं तर या.

काशीराम

मुलुंड, २४ ऑक्टोबर १९८६

जानू,

हे पत्र धाकूच्या हाती देतेय. तो उद्या निघतोय, वर्षश्राद्धाच्या आधी पोचेल. सोबत आणखी एक पाकीट आहे, त्याचं खाली सांगते.

तू येऊन गेलीस ते मला अजून स्वप्नासारखं आहे, म्हणून लिहून बघते. कोयनेलने कान वाजत होते, वॉर्डात सगळीकडे रातकिडे ओरडतायत असं वाटत होतं. डोळे उघडले तर समोर तू, त्याच जुन्या निळ्या लुगड्यात, एस.टी.ची धूळ तोंडावर. मी रडायला लागले. नर्स गोळ्या ठेवून गेली. तू पेला पुढे केलास, मी गिळल्या आणि पडणार, तेवढ्यात तू माझी हनुवटी धरलीस.

"आ कर. जीब वर कर. आता हय. आता थय."

डाव्या गालात बोट घातलंस, उजव्या गालात घातलंस, मग माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवून परत बघितलंस. मी काशीरामला शिकवलं त्यात बोट घालणं नव्हतं. तुलाही कधी शिकवलं नव्हतं. ते तुझं तू शोधलेलं होतं. नर्स हसली, म्हणाली, "बाई, त्या प्रोफेसर आहेत, लहान मूल नाहीत." तू तिच्याकडे न बघता म्हणालीस, "ते पण असाच म्हणत. माका काय शाळेतलो पोर समाजलंस? बोट चावलानी पण माझा. तरी बघलंय."

आणि तू बोट पुढे केलंस, करंगळीशेजारचं, त्यावर एक पांढरा वण. जानू, तो वण लवूच्या दातांचा आहे, हे मला वर्षभर ठाऊक नव्हतं, कारण मी तुझा हात बघितलाच नाही. मी त्याची काच बघत होते.

तरी माझी खोड जाईना. मी उशीवरूनच सुरू झाले, "जानू, सिद्ध झालं! माझ्याकडे पुरावा आहे, सात दिवसांच्या काचा, साक्षीदाराची सही..." तू ऐकून घेतलंस. मग पदराने माझं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "माका कशाक होयो पुरावो? मिया दिलंय ता माका ठावक नाय? पुरावो तुका होयो होतो, ताये. मरान जातलंस तेच्यासाठी."

मला इतकी लाज वाटली की तोंड भिंतीकडे केलं. मी समजत होते मी तुझ्यासाठी आजारी पडलेय. वर्षभर तू एका माणसाच्या एका शब्दाची वाट बघत होतीस, आणि तो शब्द द्यायला मला स्वतःचं रक्त पणाला लावावं लागलं. लावल्यावरही पहिलं सुचलं ते काचांबद्दलच.

तुला गंमत सांगते, रडायची गंमत. सर परवा लॅबमध्ये भेटले. काचा बघितल्या, काशीरामची सही बघितली. म्हणाले, "पेशंट आणि तपासणारा एकच माणूस. हे शास्त्रात बसत नाही, नलिनीबाई. शिवाय साक्षीदार शिपाई." म्हणजे माझाही शब्द चालत नाही. जून महिन्यापर्यंत मला साइटवर जायला बंदी केलीय, पहिल्या वर्षाच्या मुलांना गोगलगाय शिकवायची. बढतीचा कागद तर वरच्या फायलीखाली गेला. त्यांच्यासमोर उभी असताना मला तू आठवत होतीस, त्या व्हरांड्यात. गोळ्या मी गिळल्या आहेत हे मला ठाऊक, आणि समोरचा म्हणतोय काच बघून सांगतो. कसं वाटतं ते आता कळलं. या वेळी चहा यायच्या आधीच बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, पण काशीराम दाराआड उभा राहून ऐकत होता आणि दिवसभर माझ्याकडे बघून हसत होता. कांजूरला मी जाणारच आहे, रविवारी, माझ्या पायांनी. माझ्या पायांवर सरांची सही लागत नाही.

जाताना तू म्हणालीस, "सासूक लिव. पण तुझ्या किड्यांचा लिव नको. माका इचार आनि मग लिव."

मी तेव्हा विचारलं. तुला आठवतंय ना, एस.टी. स्टँडवर, तू एका हाताने मला धरलं होतंस, दुसऱ्या हाताने पिशवी. वर्षभरात पहिल्यांदा विचारलं.

दुसऱ्या पाकिटात सासूचं पत्र आहे. चार वेळा लिहून फाडलं, दर वेळी त्यात काचा शिरायच्या. विद्यापीठाचा कागद वापरला नाही. ते पाकीट उघडंच ठेवलंय, आधी तू वाच, आणि बरोबर वाटलं तरच दे.

तुझी,
ताई

मुलुंड, २४ ऑक्टोबर १९८६

वनमालाकाकींना नलिनीचा नमस्कार.

तुमचा मुलगा गेला, त्याला वर्ष झालं. मी तुम्हाला भेटायला आले नाही, ही माझी चूक. त्याला जो ताप आला होता त्याच्यावर मी दिलेल्या गोळ्या चालल्या नाहीत. त्या गोळ्या मी आणल्या होत्या. दोष द्यायचा तर मला द्या, मी ऐकून घेईन, वाटलं तर गावी येऊन ऐकीन.

पण जानकीने त्या त्याला दिल्या होत्या. सगळ्या दिल्या, एकही चुकवली नाही, आणि प्रत्येक वेळी जीभ वर करून बघितलं. मंगळवारी लवूचं पान तिलाच वाढू द्या. तिच्या हातचं त्याला पोचेल.

तुम्ही विचाराल, हिला मुंबईत बसून हे कसं ठाऊक? मी जानकीला विचारलं. ती होय म्हणाली.

नलिनी